मारकुटा मासा म्हणण्याआधी

टाकीच्या वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे, एक यलो लॅब, म्हणजे सिक्लिड कुळातला पिवळा मासा, अंग चोरून उभा होता. पर मिटलेले, शेपटीची कड कुरतडलेली, पिवळा रंग मळकट झालेला. खाद्याचे पेलेट टाकले तरी खाली येईना. मला वाटलं आजारी आहे. औषध आणलं, मोजून घातलं, रात्री उठून बघितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

त्याला आजार कुठलाच नव्हता. तो लपला होता, एवढंच. खाली दगडांच्या ढिगावर ऑरेटस या दुसऱ्या जातीच्या सिक्लिड नराने हक्क सांगितला होता आणि अख्ख्या टाकीत हीटरची मागची बाजू ही एकच जागा अशी होती, जिथे तो नजरेआड होत होता. मी औषध घालत बसण्याऐवजी त्याला जाळीने उचलून वेगळ्या टाकीत सोडलं असतं, तर तो वाचला असता. म्हणून सिक्लिड पाळणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: मासा हीटरमागे किंवा पाण्याच्या वरच्या थरात कोपऱ्यात टांगल्यासारखा दिसला, तर औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी बाकीचे मासे पंधरा मिनिटं नुसते बघत बसा. कोण कोणाच्या मागे लागतंय ते कळेल.

ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "माझा अमुक मासा फार मारकुटा झालाय, काढून टाकू का?" माझं मत स्पष्ट आहे. बहुतेक वेळा दोष माशाच्या स्वभावात नसतो, आपण मांडलेल्या संसारात असतो. सिक्लिड भांडतो तो जागेसाठी, जोडीदारासाठी आणि पिल्लांसाठी. यलो लॅब आणि ऑरेटस मूळचे जिथले, त्या आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातही तो हेच करतो. पण तिथे हरलेला मासा पळतो, दोन-तीन मीटर लांब गेला की विषय संपतो. चार फुटी टाकी म्हणजे जेमतेम सव्वा मीटर. हरलेला पळणार कुठे? जिंकलेल्याला तो समोर दिसत राहतो, आणि दिसतोय म्हणजे अजून माझ्या हद्दीत आहे, एवढंच त्याला कळतं.

तो ऑरेटस मी आणला तेव्हा तो बोटभर होता, पिवळाधमक, अंगावर काळे पट्टे. विकणाऱ्याने "सगळ्यांबरोबर राहतो" म्हणून सांगितलं. ऑरेटसची पिल्लं आणि माद्या पिवळ्याच असतात. नर वयात आला की रंगाची उलटापालट होते, अंग काळसर आणि पट्टे फिकट. माझ्या तीन पिल्लांपैकी एकाचा रंग असा पालटू लागला आणि त्याच आठवड्यात टाकीची शांतता गेली. म्बुनांमध्ये, म्हणजे मलावीच्या खडकांत राहणाऱ्या सिक्लिडांमध्ये, हा सगळ्यात तापट माशांपैकी एक. यलो लॅबसारख्या मवाळ माशाशेजारी त्याला ठेवणं ही माझी चूक होती.

मग मी ऑरेटस देऊन टाकला. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी आतापर्यंत मान खाली घालून राहिलेला दुसरा एक नर त्याच दगडावर येऊन बसला आणि त्याने तेच सुरू केलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुंड काढला तरी गुंडाची गादी रिकामी राहत नाही. एकच मोठा ढीग, मधोमध, आणि त्यावरून सगळी टाकी नजरेच्या टप्प्यात. अशी जागा आपण तयार केली की कोणीतरी ती बळकावणारच.

दगड रचायला मी अख्खा रविवार घातला. दोन वेगळे ढीग, टाकीच्या दोन टोकांना, पाऊण उंचीपर्यंत, मध्ये मोकळी वाळू. एका ढिगातून दुसरा दिसू नये अशी रचना. प्रत्येक कपारीला दोन तोंडं, म्हणजे आत शिरलेला मासा कोंडला जात नाही. सगळ्यात खालचे दगड आधी काचेच्या तळावर नीट टेकवले, मग वाळू घातली, कारण सिक्लिड वाळू उकरतात आणि वाळूवर ठेवलेला दगड ढासळतो.

म्बुनांसाठी टाकी भरगच्च ठेवा, म्हणजे मार वाटला जातो, हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात तथ्य आहे. डेमासोनी नावाचे म्बुना तर आपल्याच जातीवर इतके तुटून पडतात की पाच-सहा ठेवले तर एकेक करून संपतात, बारा-पंधरा ठेवले तर निभावतं. पण गर्दी म्हणजे जास्त घाण, म्हणजे ताकदवान फिल्टर आणि दर आठवड्याला न चुकता पाणी बदलणं. ते जमणार नसेल तर गर्दीच्या वाटेला जाऊ नका. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवा आणि एकसारख्या रंगाचे, एकसारख्या अंगाचे दोन प्रकार एकत्र आणू नका. नवीन मासा एकटा कधीच सोडू नका. तीन-चार एकदम, दगड हलवून झाल्यावर, दिवा बंद करून.

जोडीने राहणाऱ्यांचं गणित वेगळं. कॉन्व्हिक्ट नावाच्या सिक्लिडच्या जोडीने अंडी घातली की तीन फुटी टाकीत दुसऱ्या कोणालाही जागा उरत नाही. आणि जोडी एकटी ठेवली तर कधीकधी नर मादीवरच उलटतो. प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी १९७३ चं नोबेल ज्यांना विभागून मिळालं, त्या कोनराड लोरेन्झ यांनी हे टाकीतच पाहिलं होतं. काचेच्या पडद्याच्या दोन बाजूंना दोन जोड्या. काचेवर शेवाळ चढून शेजारी धूसर झाले की नर आपापल्या माद्यांवर चिडायचे. काच पुसली की पुन्हा शेजाऱ्याशी भांडण, आणि घरात शांतता. माझ्या माहितीत टँकमेट, म्हणजे टाकीतला सोबती, म्हणजे काय हे इतकं नेमकं सांगणारं दुसरं उदाहरण नाही.

ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न या मोठ्या सिक्लिडांबद्दल थोडक्यात. तोंडात मावेल तो मासा ऑस्करसाठी खाद्य असतो. फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवावा. तो उदास होईल असं मानून सोबती आणू नका, त्या सोबत्याच्या जिवावर बेतेल.

सध्या माझ्या डाव्या ढिगात यलो लॅबची एक मादी तोंडात अंडी घेऊन बसली आहे. गालाखाली फुगवटा दिसतो, तीन-एक आठवडे ती काही खाणार नाही. उजव्या ढिगातला नर दिवसातून कितीतरी वेळा तिच्या दिशेने निघतो. मधल्या मोकळ्या वाळूपर्यंत येतो, थांबतो, पर ताणतो आणि वळून परत जातो.