गुडघा वाकण्याचं कारण पोटरीतही असतं

‘मांडीमागचे स्नायू रोज ताणले की वाकलेले गुडघे सरळ होतात’ हे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या चालण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. माझ्या मुलाला स्पास्टिक डायप्लेजिया (मुख्यतः दोन्ही पायांचे स्नायू ताठर करणारा सेरेब्रल पाल्सीचा प्रकार) आहे. लहानपणी तो चवड्यांवर चालायचा, म्हणून पाचव्या वर्षी दोन्ही टाचांमागचे स्नायूबंध लांब करायचं ऑपरेशन झालं. टाचा टेकल्या, घरात पेढे वाटले. दहाव्या वर्षी उंची भराभर वाढली आणि तो अर्धवट बसल्यासारखा चालू लागला. दोन वर्षं आम्ही नुसतं स्ट्रेचिंग केलं. पोरगं रडायचं, गुडघे तसेच.

मग नव्या फिजिओताईंनी त्याला उताणं झोपवून, मांडी उभी धरून पाय सरळ करून पाहिला. बराच सरळ झाला! म्हणजे मांडीमागचं आखडलेपण थोडंच होतं, खरं तर पोटरीत जीव नव्हता. उभं राहिल्यावर नडगी पुढे कलंडते, तिला मागून पोटरीने धरायचं असतं. ती धरत नाही, म्हणून गुडघा वाकतो. लहानपणी टाचेचा बंध जास्त सैल झाला तर पुढे असं होऊ शकतं, हे लेखात यायला हवं होतं. मग आमचे उपाय बदलले: नडगीला पुढून आधार देणारा कडक स्प्लिंट (फ्लोअर रिअ‍ॅक्शन एएफओ) आणि आठवड्यातून तीनदा स्टुलावरून उठ-बस, दप्तरात वजन वाढवत वाढवत. आता वर्गापासून पाण्याच्या नळापर्यंत तो भिंत न धरता जातो. स्ट्रेचिंग आम्ही सोडलेलं नाही. पण पालकांनो, आधी मुलाच्या चालीचा बाजूने व्हिडिओ काढा आणि गुडघा नेमका कशामुळे वाकतोय हे तज्ज्ञांना विचारा.