पहिलीनंतर वाचून दाखवायचं नाही म्हणे!

शाळा सुरू झाल्या की कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘मूल अक्षरं जुळवायला लागलं की त्याला वाचून दाखवणं बंद करा, नाहीतर ते आयतं ऐकायला सोकावतं. वर्षाच्या आतल्या बाळापुढं पुस्तक धरणं हा वेडेपणा. तेच पुस्तक परत वाचू नका. आणि वाचताना गावरान बोली मधे आणू नका.’ चारही गोष्टी चूक. पहिलीनं सगळ्यांत जास्त नुकसान होतं, म्हणून सुरुवात तिथून.

दुसरीतल्या मुलाला ‘स्वयंपाकघरात’ हा शब्द बोलायला काहीच अडचण नसते. वाचताना मात्र ते स्व, यं, पा, क करत सातव्या अक्षराला पोचतं, तोवर वाक्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते. सगळी ताकद अक्षरं जोडण्यात जाते आणि गोष्ट हातून सुटते. ऐकून समजण्याची कुवत मात्र कितीतरी पुढं असते. साधारण तेरा-चौदा वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना वाचून कळतं त्यापेक्षा ऐकून जास्त कळतं. पहिलीतच वाचून दाखवणं थांबवलं, तर त्या मुलाच्या वाट्याला ‘बाबा, आंबा आण’ एवढंच साहित्य उरतं.

शिवाय आपली लिपी सगळं सांगत नाही. ‘हे जग मोठं आहे’ आणि ‘शंभर वर्षं जग’ यांतला ज पानावर एकच, तोंडात वेगळा. ‘चमचा’मधले दोन च तसेच. हे आधी कानावर पडावं लागतं.

म्हणून सहा ते आठ वर्षांत पाळी लावा: पान तुमचं, एक परिच्छेद मुलाचा. शब्द अडला तर चार-पाच सेकंद थांबा; तरी नाही जमला तर सांगून टाका आणि पुढं चला. ‘परत म्हण, नीट म्हण’ सुरू झालं की वाचन संपून परीक्षा सुरू होते. शंभर शब्दांत दहाच्या वर अडत असतील, तर ते पुस्तक अजून तुम्हीच वाचायचं. नऊच्या पुढं रोज पंधरा मिनिटं पुरतात. प्रकरण ऐन रंगात आलं की थांबा आणि पुस्तक तिथंच उपडं ठेवून द्या. बरीच मुलं पुढचं पान गुपचूप स्वतः वाचतात. आयतं ऐकायला सोकावलेलं मूल ते हेच!

आता बाळ. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच तान्हेपणापासून वाचून दाखवा असं सांगितलं. पहिल्या महिन्यांत बाळाला २०-३० सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं. तेवढ्या अंतरावर ठळक चित्र धरा, दोन-तीन मिनिटं. त्यानं मान वळवली की बंद. सहा महिन्यांनंतर पुस्तक तोंडात जाणारच, तेव्हा जाड पुठ्ठ्याचं घ्या. दीड वर्षाला वाक्यं वाचायचा अट्टहास नको. चित्रावर बोट ठेवून ‘म्हैस’ म्हणा आणि थांबा. लगेच पान उलटलं की मुलाची बोलायची पाळीच येत नाही, आणि नेमकी हीच घाई घरोघरी होते.

तेच पुस्तक परत नको? दोन-तीन वर्षांचं मूल तेच मागतं, कारण दर खेपेला त्याला आणखी थोडं उमगतं. पाचव्या खेपेला ओळीतला शेवटचा शब्द गाळून बघा, मूल तो भरेल. कंटाळा येतो तो आपल्याला.

बोलीचं म्हणाल तर छापलेलं वाक्य आहे तसंच वाचा, गप्पा घरच्या भाषेत मारा. ‘आता ह्यो काय करंल?’ विचारलं की मूल खुलतं. ‘आता हा काय करील?’ असं मास्तरी थाटात विचारलं की एका शब्दावर भागवतं. पुस्तकात ‘आहे’ आणि आजीच्या तोंडी ‘हाय’, यानं मुलं गोंधळत नाहीत. गोंधळतात मोठी माणसं.

मेसेजच्या शेवटी महागड्या पुस्तकसंचाची लिंकही असते. १८५० पासून चालू असलेलं करवीर नगर वाचन मंदिर गावात असताना तिची गरज नाही. सभासद व्हा आणि दोन पुस्तकं निवडा: एक मुलाला स्वतः वाचता येईल असं, दुसरं त्याला अजून न झेपणारं. ते दुसरं रात्री तुम्ही वाचायचं.