ऑक्स झिरोचं करायचं काय?

कॉल सेंटरमध्ये एजंट फोन घेत नसेल, तर का, ते सांगायला ऑक्स कोड असतात. चहा, जेवण, ट्रेनिंग, मीटिंग, सिस्टिम डाऊन... प्रत्येकाला वेगळा ऑक्स कोड दिलाय. एक बटण दाबायचं असतं हो! तरी माझ्या महिन्याच्या रिपोर्टात सगळ्यात लठ्ठ रकाना कुठला? झिरो. लॉगिन केल्यावर सिस्टिम आपणहून जिथे बसवते तो, ना नाव ना गाव. एजंट दीड तास तिथेच पडून, आणि क्लायंट मला विचारणार, हा काय करत होता? मला काय स्वप्न पडतं?

हुशारांची तऱ्हा वेगळी. ते ऑक्समध्ये जातच नाहीत. ग्राहकाने फोन ठेवला की आफ्टर कॉल वर्कमध्ये, म्हणजे कॉलनंतरच्या नोंदीसाठी दिलेल्या वेळेत, मुक्काम. दोन ओळींची नोंद, अकरा मिनिटं! ऑक्स चकाचक, एएचटी, म्हणजे एका कॉलमागचा सरासरी वेळ, आभाळाला टेकलेला.

त्यात टीम लीडरचं पालुपद, "तुझे आकडे जुळत नाहीत." कसे जुळतील? रिपोर्टात दर अर्ध्या तासाची एक ओळ. ९:५५ ला सुरू झालेला कॉल १०:१० ला संपला, तर आमची सिस्टिम त्याचा सगळा टॉक टाइम दहानंतरच्या अर्ध्या तासात टाकते. लॉगिनचा आणि ऑक्सचा वेळ मात्र ज्या त्या अर्ध्या तासात. म्हणून एखाद्या ओळीत माणूस ३० मिनिटांत ३५ मिनिटं काम केलेला दिसतो. दिवसाची बेरीज बघा, ओळी मोजू नका, किती वेळा ओरडायचं? सविस्तर मेल केला, स्क्रीनशॉटसकट. उत्तर आलं, "ओके, नोटेड. पण साडेदहाच्या ओळीचं काय?"