काल्याच्या दुसऱ्या दिवशी

काल आमच्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह संपला. काल्याच्या कीर्तनात महाराजांनी नाथांची कथा सांगितली: काशीहून कावडीने आणलेली, रामेश्वराला वाहायची गंगा नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. निम्म्या मांडवाचे डोळे पाणावले, माझेही. आज सकाळी ओढ्याकडे गेलो, तर तिथे महाप्रसादाच्या चकचकीत पत्रावळ्यांचा आणि प्लास्टिकच्या ग्लासांचा ढीग पडलेला होता आणि एक गाय आमटी लागलेली पत्रावळी चघळत उभी होती. गाढव असते, तर निदान कोणाला तरी कालची कथा आठवली असती.

हा ओढा गोदावरीला मिळतो आणि तिला आपण गंगाच म्हणतो. पहिल्या पावसात हे सगळे गंगेत जाणार आणि अधिक महिन्यात त्याच पाण्यात बुडी मारून आपण पुण्य पदरात पाडून घेणार! पाऊस लांबला की महादेवाला पाण्यात कोंडायचे, पण पाण्याची अशी विटंबना झाली तर ते पाप कोणाच्या खात्यात लिहायचे?

माझी आजी सप्ताहाआधी शेजारणींसोबत ओसरीवर बसून पळसाच्या पत्रावळ्या लावायची. एकदा पाने कमी पडली म्हणून मी दिवेलागणीनंतर निघालो, तर तिने हात धरला. "झाड निजलंय. सकाळी जा." १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेली ती बाई, पर्यावरण हा शब्द तिने ऐकलाही नसेल.

आता बांधावर पळस उरला नाही आणि बायकांनी फुकट किती राबायचे, हे मला मान्य आहे. पण असल्या पत्रावळ्यांवर राज्यात बंदी आहे, हे पंचांना ठाऊक नाही, असे कोणी मला सांगू नये. स्पीकरला पैसे असतात, मग ताटे घासायला चार माणसे लावायला का नसतात?

चिडून काय उपयोग म्हणा. काल त्याच पत्रावळीत मीही दोनदा बुंदी वाढून घेतली आणि तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हा आजीची आठवण झाली नाही, ती आज गायीजवळ झाली.

पूर्वी पंगतीला येताना लोक ताट-तांब्या घरून आणत. पुढच्या सप्ताहाला मी आणणार आहे, वर्गणीही नेहमीएवढीच देईन. उद्या सकाळी सहाला पोती घेऊन ओढ्यावर जातो आहे. गावात असाल तर या. येताना एखादा दाताळा घेऊन या, माझ्याकडचा मोडला आहे.