ब्रिटिश श्रीमंत की चेक? आधी त्या टेबलात कोण बसलंय ते बघा

आमच्या इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी ग्रुपवर ते टेबल परत फिरतंय. अमेरिकेत कुठल्या वंशाच्या लोकांचं घरटी उत्पन्न किती, वरपासून खालपर्यंत लावलेलं, भारतीय एकदम वरती आणि खाली हात जोडलेले इमोजी. आता भारतीय वरती आहेत हे ऐकून ऐकून सगळ्यांना पाठ झालंय, त्यामुळे या वेळी एका गृहस्थांनी नवीनच मुद्दा काढला, की बघा ब्रिटिश वंशाचे चेक (मध्य युरोपातल्या चेक देशाकडचे) वंशाच्यांपेक्षा वर आहेत, शेवटी जगावर राज्य केलेल्यांचं रक्त ते. त्यावर दुसऱ्याचं उत्तर, अहो फरक केवढासा आहे, चेक लोक कष्टाळू, शेतीतून वर आलेले. मग काय, रात्रभर रक्त विरुद्ध कष्ट. तिथे लांब काही लिहिलं की लोक अंगठा दाखवून पुढे जातात म्हणून इथे लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे टेबल दोन समाजांची तुलना करतच नाही. एका फॉर्मवर लोकांनी आपल्या हाताने जे लिहिलं त्या दोन उत्तरांची ती तुलना आहे. आणि कोण काय लिहितं यात त्याच्या पगाराचा, शिक्षणाचा, कुठल्या राज्यात राहतो त्याचा आधीपासूनच हात असतो.

फॉर्म म्हणजे अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे. जनगणनेवालेच करतात, दर वर्षी साधारण ३५ लाख पत्त्यांवर जातो. त्यात तुमचं मूळ कुठलं असा एक प्रश्न असतो आणि खाली मोकळी जागा. टिक करायला चौकोन नाही, यादी नाही, मनाला येईल ते लिहा. १९८० पासून हा प्रश्न आहे, आधी जनगणनेच्या मोठ्या फॉर्ममध्ये होता. माझ्या पुतणीच्या घरी मागे हा आला होता. तिचा नवरा नेब्रास्काचा, आईकडून चेक, वडिलांकडून इंग्लिश आणि थोडा जर्मन. त्याने जेवणाच्या टेबलावर बसून पेनने लिहिलं इंग्लिश, मग स्वल्पविराम, मग चेक, आणि जर्मन लिहायला लागला तर जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात कोपऱ्यात कोंबलं. आता गंमत बघा, उत्तरं कितीही लिहा, मोजताना दोनच धरतात. म्हणजे जर्मन आजोबा गेले. आणि हा एकच माणूस, त्याचा एकच पगार, इंग्लिशच्या ओळीतपण मोजला आणि चेकच्या ओळीतपण. आपण ग्रुपवर ज्या दोन समाजांची कुस्ती लावतोय त्यातले कितीतरी जण दोन्ही बाजूंनी लंगोट बांधून उभे आहेत :)

आता इंग्लिशची गंमत. १९८० ला इंग्लिश मूळ सांगणारे होते ४ कोटी ९६ लाखांच्या आसपास. १९९० ला ३ कोटी २७ लाख. २००० ला २ कोटी ४५ लाख. वीस वर्षांत अडीच कोटी इंग्रज गेले कुठे? साथ आली होती का? कोणी कुठे गेलं नाही हो. १९८० च्या प्रश्नाखाली उदाहरणं म्हणून जी नावं दिली होती त्यात इंग्लिश होतं, १९९० ला ते उदाहरणातून काढलं आणि जर्मन पहिलं टाकलं. शिवाय लोकांनी 'अमेरिकन' असं लिहायचं प्रमाण वाढलं, २००० ला २ कोटींवर लोकांनी मूळ अमेरिकन असंच लिहिलं. आणि २०२० च्या जनगणनेत, वेगळ्या प्रश्नात, इंग्लिश परत उदाहरणात छापलं तर आकडा एकदम ४ कोटी ६६ लाख, जर्मनांच्याही वर. ज्या गटाचा आकार प्रश्नाखालच्या बारीक टाइपाने दुप्पट-निमपट होतो त्या गटाच्या सरासरी उत्पन्नावर काय भांडायचं?

आणि हे 'अमेरिकन' लिहिणारे कोण, हा खरा मुद्दा. नकाशा काढून बघा, केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनिया, तो सगळा डोंगराळ अॅपालेशियाचा पट्टा. अठराव्या शतकात उत्तर आयर्लंड, स्कॉटलंड, उत्तर इंग्लंडमधून आलेल्या लोकांची ही नातवंडं-पणतवंडं. आडनावं बघितली तर निखळ ब्रिटिश. पण दोन-अडीचशे वर्षं झाली, कोणाला आठवतंय आणि कशाला आठवायचं, म्हणून अमेरिकन लिहितात. केंटकीतली ओव्झली काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) घ्या, पाच हजाराच्या आत वस्ती, जवळपास सगळे गोरे, आणि देशातल्या सगळ्यात गरीब काउंट्यांत तिचं नाव कायम. राज्य केलेल्यांचं रक्त म्हणता ना, तर हे बघा ते रक्त, कोळसा संपल्यावर बसलंय. पण हे लोक ब्रिटिशच्या ओळीत नाहीतच, त्यामुळे ती ओळ आपोआप वर सरकते. गरीब नातेवाईकांना फोटोतून कापून टाकलं की घराणं श्रीमंत दिसणारच.

तसं तर वसाहतींच्या काळात ब्रिटनमधून आलेल्यांत लाट साहेब किती होते? जहाजभाड्याच्या बदल्यात चार ते सात वर्षं बांधील मजुरी करणारे बहुसंख्य, आणि १७१८ ते १७७५ मध्ये तर सुमारे ५० हजार कैदी पाठवले इकडे, ऑस्ट्रेलियाला पाठवायला लागले ते त्यानंतर.

मग 'ब्रिटिश' हाच शब्द कोण लिहितो? इंग्लिश वेगळं, स्कॉटिश वेगळं, वेल्श वेगळं, स्कॉच-आयरिश (उत्तर आयर्लंडमार्गे आलेले स्कॉटिश) अजून वेगळं, या सगळ्यांच्या स्वतंत्र ओळी आहेत. नुसतं ब्रिटिश लिहिणारे २००० ला जेमतेम ११ लाख होते, म्हणजे इंग्लिशच्या तुलनेत चिमूटभर. माझ्या मते यात एक तर अलीकडे आलेले लोक, साठच्या दशकात ब्रिटनमधून डॉक्टर-इंजिनियर निघून यायला लागले तेव्हापासूनचे, बँकवाले, प्रोफेसर, किंवा मग ज्यांना आपल्या घराण्यात इंग्लिशपण आहे आणि स्कॉटिशपण हे नीट माहीत आहे असे शिकलेले लोक. वंशावळ माहीत असणं हीच एक चैन आहे हो. अपवाद युटा. तिथे इंग्लिश लिहिणारे भरपूर, कारण मॉर्मन पंथाचे प्रचारक १८३७ पासून इंग्लंडात जाऊन माणसं आणत होते आणि त्यांच्या धर्मातच पूर्वजांची नोंद ठेवायला सांगितलंय, सॉल्ट लेक सिटीत वंशावळींचं भलंमोठं ग्रंथालय आहे. तिथल्या सुताराला पण खापरपणजोबाचं गाव तोंडपाठ.

आता चेक. यांच्याबद्दल मला जास्त आस्था आहे हे आधीच कबूल करतो, कारण मी टेक्सासमध्ये राहतो आणि ह्युस्टनहून पश्चिमेला गाडी काढली की फेएट काउंटीत सगळीकडे यांच्याच खुणा. फ्लॅटोनियाजवळ प्राहा नावाचं एवढंसं गाव आहे, चार घरं आणि १८९५ चं चर्च. बाहेरून दगडी, आत गेलं की लाकडी छतावर हिरव्या-निळ्या वेली रंगवलेल्या, मान दुखेपर्यंत वर बघत राहावं. मागे दफनभूमी, दगडांवर 'झ्दे ओद्पोचीवा', म्हणजे इथे विसावा घेतायत, आणि खाली मोरावियातल्या (चेक देशाचा पूर्वेकडचा भाग) गावाचं नाव. जसजसे दगड नवे होत जातात तशी भाषा इंग्लिश होते. या गावातले नऊ तरुण दुसऱ्या महायुद्धात मारले गेले. नऊ, एवढ्याशा गावातून.

टेक्सासला आलेल्या चेकांचं सुरुवातीचं हाल कुत्रं खात नव्हतं. १८५१ ला निघालेल्या पहिल्या मोठ्या गटातले जवळपास निम्मे लोक प्रवासात नाहीतर पोचल्या पोचल्या गेले. तरी लोक येत राहिले. पण कोण येत राहिले ते बघा. अगदी कफल्लक नाही, त्याला बोटीचं भाडंच परवडत नव्हतं, आणि मोठा जमीनदारही नाही, तो कशाला येईल. आले ते मधले, ज्यांच्याकडे झोपडी आणि तुकडाभर जमीन होती, १८४८ ला वेठबिगारी संपल्यावर ती विकता येत होती, ती विकून बायकापोरांसकट आले. परत जायचा विषयच नाही. आणि मुख्य म्हणजे लिहिता-वाचता येणारे. तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाने १७७४ लाच शाळा सक्तीची केली होती, त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंदरावर उतरणाऱ्या चेकांमध्ये निरक्षर अगदी नगण्य, बाकीच्या स्लाव्ह लोकांशी तुलनाच नाही. वर १८६२ चा होमस्टेड कायदा, १६० एकर जमीन जवळजवळ फुकट, पाच वर्षं राहून कसा आणि तुमची. नेब्रास्कातली सलीन काउंटी, विल्बर वगैरे, अशीच भरली.

शहरातल्यांची कथा वेगळी. न्यूयॉर्कमध्ये १८८०-९० च्या काळात चेक कुटुंबं भाड्याच्या कोंदट खोल्यांत सिगार वळायची, नवरा बायको मुलं सगळी, खोलीचा मालक आणि कारखान्याचा मालक बऱ्याचदा एकच. आपल्या सोलापूरच्या विडी कामगारांच्या घरातलं चित्र डोळ्यासमोर आणा, तेच, फक्त थंडी जास्त. शिकागोत पिल्सन नावाची वस्ती, मग तिथून सिसेरो, बर्विन असे पश्चिमेला सरकत गेले. त्यांनी एक काम फार हुशारीने केलं, बिल्डिंग अँड लोन म्हणजे पतसंस्थाच, गल्लीगल्लीत काढल्या, दर आठवड्याला थोडे पैसे टाकायचे आणि पाळीने घराला कर्ज. पगार फार नव्हता पण घर स्वतःचं. त्याच्याही आधी १८५४ ला सेंट लुईसमध्ये यांची मदत संस्था निघाली, आजारपण, मयत यासाठी. टेक्सासवाल्यांनी १८९७ ला आपली वेगळी काढली, ती अजून विमा विकते. आणि राजकारणात म्हणाल तर क्लाद्नोत जन्मलेला खाणकामगाराचा मुलगा आंतोन चेर्माक १९३१ ला शिकागोचा मेयर झाला. १९३३ ला मायामीत रूझवेल्टशेजारी असताना गोळी लागून गेला बिचारा.

म्हणजे कष्ट वगैरे होतेच, नाही कोण म्हणतंय. पण कष्ट तर पिल्सनमध्ये नंतर आलेल्या मेक्सिकन लोकांनीही केले, त्याच घरांत राहून. त्यांना ना १६० एकर मिळाले ना गोरं म्हणून कुठे सरकून जाता आलं. हे ग्रुपवर बोललं की लोकांना आवडत नाही.

अजून एक गोष्ट कोणी धरतच नाही, दरवाजा कधी बंद झाला. १९२४ च्या कायद्याने देशवार कोटा लावला. ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडला वर्षाला ३४,००७, चेकोस्लोव्हाकियाला ३,०७३. भारताला तर शून्य म्हटलं तरी चालेल, १९२३ लाच सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद या तिथल्या भारतीयाच्या खटल्यात सांगितलं होतं की तुम्ही नागरिक होऊच शकत नाही, आणि १९४६ ला उघडलं ते वर्षाला १०० माणसं. त्यामुळे आज चेक लिहिणारे बहुतेक चौथ्या-पाचव्या पिढीतले, पूर्ण मिसळून गेलेले. १९४८ ला तिथे कम्युनिस्ट आल्यावर आणि १९६८ ला रशियन फौजा घुसल्यावर थोडे शिकलेले निर्वासित आले, पण ओळीला वळण लावतील एवढे नाहीत. ब्रिटिशांकडे मात्र ताजी भरती चालू राहिली. आणि आपण? १९६५ च्या कायद्यानंतर डिग्री बघून आत घेतलेले, नंतर एच-वन-बी. शिवाय आपली ओळ वंशाच्या चौकोनावर टिक करून येते, चेकांची स्वतःहून लिहिलेल्या उत्तरातून. वेगळे प्रश्न, वेगळी भरती, आणि एकाच टेबलात खालीवर लावायचं. पुण्यातून गाळून आलेल्या इंजिनियरची तुलना नेब्रास्कातल्या रिटायर्ड शिक्षिकेशी करून आपण हात जोडतो.

रिटायर्डवरून आठवलं. हे गट म्हातारे आहेत, घरं लहान, दोघं किंवा एकटं. घरटी उत्पन्नात घरात कमावणारे किती हे येत नाही. आणि चेक जास्त करून नेब्रास्का, आयोवा, डकोटा, विस्कॉन्सिन, टेक्सासच्या खेड्यांत, जिथे घर निम्म्या किमतीत मिळतं. बॉस्टनमधल्या डॉलरची आणि विल्बरमधल्या डॉलरची ताकद सारखी नाही. फेएट काउंटीत एखाद्या कुटुंबाचं कागदावरचं उत्पन्न बेतास बात दिसेल, पण पणजोबाची जमीन अजून नावावर, कर्ज नाही, गायी आहेत. ती जमीन या टेबलात कुठेच दिसत नाही. मला विचाराल तर उत्पन्नात ब्रिटिश लिहिणारे वर आहेत, इंग्लिश आणि चेक एकमेकांच्या आजूबाजूला, सगळेच देशाच्या मध्यापेक्षा वर, आणि यातला बराचसा फरक वय, राज्य आणि कोणी काय लिहिलं एवढ्यातच संपतो. रक्ताच्या वाट्याला काही उरत नाही.

आणि आता फॉर्मच बदलतोय. २०२४ मध्ये सरकारने वंशाच्या प्रश्नाचा जो नवा नमुना ठरवला त्यात गोऱ्यांच्या खाली इंग्लिश, जर्मन, आयरिश, इटालियन, पोलिश, स्कॉटिश यांना छापील चौकोन आहेत. चेकांना अजूनही हातानेच लिहायचंय. तो तसाच राहिला तर ओव्झली काउंटीतला माणूस, जो आजवर अमेरिकन लिहीत होता, चौकोन समोर दिसल्यावर इंग्लिशवर टिक करेल. तसे लाखो करतील. इंग्लिशची सरासरी खाली येईल आणि चेक त्यांच्या वर गेलेले दिसतील, कोणाच्याही पगारात एका डॉलरचा फरक न पडता.