टाकळीच्या पुलावर अस्मिता कशी जपावी

सोलापुरात राहून सीमावादात उतरायची हौस असेल, तर सुरुवात घरापासून करा. आजी देवापुढं कन्नड पुटपुटते? तिला सांगा, मनातल्या मनात. शेजारचे पद्मशाली काका तेलुगूत भांडतात, त्यांचं पुढच्या आंदोलनात बघू.

विजापूर वेशीचं नाव तातडीनं बदला.

इतिहास वाचू नका. निजामशहानं लेक चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला हुंड्यात गेला होता. हे पलीकडं कळलं तर पंचाईत.

आपल्या ग्रामदैवताचं, सिद्धेश्वराचं, जरा अवघड आहे. १२व्या शतकातल्या या माणसानं वचनं कन्नडमध्ये रचली. १९५६ ला राज्यं भाषेवर पडणार, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही! वर संक्रांतीला इथं नंदीध्वज निघतात आणि त्याच दिवसांत विजापुरातही सिद्धेश्वराची जत्रा. देवाकडं रहिवासी दाखला मागून ठेवा.

आता मुख्य काम. बस अडवणं. गेल्या महिन्यात आईला घेऊन मावशीकडं निघालो होतो. विजापूर म्हणजे शंभरेक किलोमीटर, जेवायला पोचतो म्हणून फोनही केलेला. हद्दीवरच्या टाकळीला बस थांबली. "पुढं जात नाही. काल तिकडं काळं फासलंय." उतरा! मग भीमेचा पूल पायी. आई सत्तरीतली, गुडघे गेलेले, हातात शेंगाचटणीचा डबा, माझ्या डोक्यावर कडक भाकरीची चवड, वर ऊन. शेजारून कांद्याचे ट्रक भुर्रकन पलीकडं जात होते. कांद्याला कुणी भाषा विचारत नाही. पलीकडच्या, कर्नाटकातल्या धूळखेडच्या रिक्षावाल्यानं झकास मराठीत तिप्पट भाडं मागितलं, आईनं तितक्याच झकास कन्नडमध्ये त्याला निम्म्यावर आणलं. अस्मिता काय ती आमच्या खिशातून गेली.

काय करलालास बे तू? तुझी बहीण इंडीला दिलीय, तुझी सासुरवाडी चडचणची, लग्नाचा बस्ता इथनं तिकडं गेला, आणि तू बसच्या काचा फोडतोस? सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ ला अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरची बरीच गावं कर्नाटकाला द्या म्हटलं, ते आपल्याला पटलं नाही, बरोबर. बेळगावचंही दुखणं खरं. त्यासाठी २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, तिथं काय चाललंय ते कधी विचारलंस आमदाराला? नाही. त्याच्यापुढं तोंड उघडत नाही तुझं. हात उचलतोस तो रिकाम्या बसवर, आणि चालते कोण, तर म्हातारी माणसं.

पुढच्या वेळी बस अडवलीस ना, तर मोटारसायकल घेऊन पुलावर थांब. आईला पलीकडं सोडायचं. डबाही तूच धर.