समेटाची घाई आणि मंडळीची जबाबदारी

मार खाऊन आलेल्या बाईला 'प्रार्थना कर, प्रभू त्याचे मन पालटवील' एवढेच सांगून घरी परत पाठवणे आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी थांबवले, तरी स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचे मोठे काम झाले असे मी मानेन. ठाण्यातील एका मराठी मंडळीची, म्हणजे चर्चची, मी सभासद आहे, महिला मंडळात काम करते, आणि हे आपल्याच माणसांसाठी लिहीत आहे.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे २५ टक्के विवाहित स्त्रियांनी पतीकडून हिंसाचार झाल्याचे सांगितले. याच पाहणीतील देशपातळीवरचा आणखी एक आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी कधी मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. रविवारी उपासनेत आपल्या शेजारी बसणाऱ्या बहिणी या आकड्यांबाहेरच्या आहेत, असे समजण्यास काहीच आधार नाही.

कुटुंबभेटीचेच पाहा. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, येतात, गीत होते, वचन वाचले जाते आणि प्रार्थनेआधी 'काही विनंती आहे का, ताई?' असे पतीच्या देखतच विचारले जाते. कळव्यातल्या किंवा घणसोलीतल्या एका खोलीच्या घरात नवरा हातभर अंतरावर बसलेला असताना ती काय सांगणार? ती मुलाच्या परीक्षेसाठी प्रार्थना मागते आणि चहा ठेवायला ओट्याकडे वळते. भेट झाल्याची नोंद होते, आणि त्या घरात जे चालले आहे ते तसेच चालू राहते. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की नवरा कामावर असताना महिला मंडळातील दोघी विश्वासू बायकांनी वेगळे भेटावे, तिचे ऐकून घ्यावे, आणि तिने सांगितलेला एकही शब्द तिच्या परवानगीशिवाय बाहेर जाऊ देऊ नये. 'प्रार्थनेचा विषय' म्हणूनसुद्धा नाही. आपल्याकडे कितीतरी गोष्टी त्याच वाटेने गावभर होतात.

व्यासपीठावरून काय वाचले जाते आणि काय टाळले जाते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पत्नीने पतीच्या अधीन असावे हे बायबलमधील इफिसकरांस पत्रातील वचन लग्नात हमखास ऐकू येते, पण त्याच्या आधीचे, एकमेकांच्या अधीन असण्याविषयीचे वचन क्वचितच. बायबलमधल्याच दुसऱ्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात तामारेवर तिचा सावत्र भाऊ अत्याचार करतो, सख्खा भाऊ तिला गप्प राहायला सांगतो, आणि तिचा बाप दावीद राजा संतापतो खरा, पण तिच्यासाठी काहीच करत नाही. या अध्यायावर मी आजवर एकही संदेश ऐकलेला नाही. दावीदाचे ते स्वस्थ बसणे आपल्या कमिट्यांच्या फार ओळखीचे आहे, विशेषतः मारणारा मोठी वर्गणी देणारा किंवा स्वतःच कमिटीवर असेल तेव्हा. अशा माणसाला पदावरून दूर करण्याचा अधिकार मंडळीकडे असतो आणि तो वापरायला हवा.

विवाह पवित्र आहे, तो मोडू नये, ही आपली श्रद्धा माझीही आहे. पण पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या 'अमोरिस लेतित्सिया' या पत्रात स्पष्ट म्हटले आहे की, पत्नीला किंवा लेकरांना गंभीर इजेपासून वाचवण्यासाठी वेगळे होणे काही वेळा नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते. कायद्याने आपल्या स्त्रियांना याबाबतीत फार काळ ताटकळत ठेवले. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र केवळ क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मिळत नसे, व्यभिचारही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये यावर बोट ठेवले आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. आता अडवणूक होते ती बहुतेक वेळा आपल्याच लोकांच्या तोंडून.

पाळकांनी न्यायाधीश होऊ नये. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवण्याची घाई झाली, तर त्याची किंमत ती घरी पोचल्यावर चुकवते. त्यापेक्षा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला राहत्या घरातून हाकलता येत नाही, संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला मोफत वकील मिळतो, ही माहिती पाळकांना, पाळकीणबाईंना आणि महिला मंडळाला तोंडपाठ असावी. १८१ हा मदतक्रमांक सूचनाफलकावर लावण्याबरोबरच स्त्रियांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही लावावा, कारण तिथे तो कोणाच्या नजरेखाली न येता वाचता येतो. संडे स्कूलमधील लेकराच्या बाबतीत तर पर्यायच नाही: लैंगिक अत्याचाराची माहिती मिळूनही पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे, मग संशयित कितीही आदरणीय असो.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले. त्यांनी निराधार स्त्रियांना आधी छप्पर दिले, मग शिक्षण आणि हाताला काम. आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो, म्हणून एक मागणी करते. ठाण्यात भाड्याची खोली घ्यायची तर आधी डिपॉझिट लागते, आणि तेवढी रक्कम हाताशी नसल्यामुळे किती बायका लेकरांना घेऊन त्याच घरात परततात, हे महिला मंडळात काम करणाऱ्या कोणालाही विचारा. आजारपणासाठी मंडळीचा मदत निधी असतोच. त्यातील ठराविक वाटा अशा डिपॉझिटसाठी आणि पहिल्या तीन महिन्यांच्या भाड्यासाठी राखून ठेवावा, त्याचा निर्णय दोन स्त्रियांच्या हाती असावा आणि हिशेबात लाभार्थीचे नाव येऊ नये, असा लेखी ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. वाशी, नेरूळ, कोपरी, मुंब्रा, कुठल्याही मंडळीतील बहिणींना त्याचा मसुदा हवा असल्यास मी जरूर पाठवीन.